चळवळीचा दबाव आणि उमेदवाराचे गणित

१९६१-६२च्या सुमारास अमेरिकेच्या अध्यक्षांच्या टपालात एक चमत्कारिक भेट येऊ लागली होती. देशाच्या निरनिराळ्या भागांतून लोक अध्यक्ष जॉन केनेडी यांना पेने पाठवीत होते. ‘जॅकसाठी शाई’ असे या मोहिमेचे थट्टेखोर नाव होते. जॅक हे केनेडींचे घरगुती नाव. थट्टेमागचा राग मात्र खराखुरा होता. १९६०च्या प्रचारात केनेडी यांनी आयसेनहॉवर यांच्या कारभारावर टीका करताना म्हटले होते, की सरकारी साहाय्याने उभ्या राहणाऱ्या घरांत कृष्णवर्णीयांना मज्जाव करण्याची प्रथा अध्यक्षाच्या लेखणीच्या एका फटकाऱ्याने बंद करता येईल. अध्यक्षपद हाती आले २० जानेवारी १९६१ रोजी आणि आदेशावर सही झाली २० नोव्हेंबर १९६२ रोजी. बरोबर बावीस महिने गेले. या काळात शाई संपली होती असे नव्हे. ६ नोव्हेंबरला प्रतिनिधिगृहाच्या व सिनेटच्या निवडणुका व्हावयाच्या होत्या आणि दक्षिणेतील स्वपक्षीयांना दुखविण्याची अध्यक्षांची तयारी नव्हती. निवडणूक पार पडली, दोन आठवडे गेले आणि मग सही झाली. तीही अशा आदेशावर, की जो मुख्यतः यापुढे बांधल्या जाणाऱ्या आणि सरकारी साहाय्य अथवा हमी लाभलेल्या घरांपुरताच होता.

आता याच केनेडींचे दुसरे चित्र पाहावे. ऑक्टोबर १९६० मध्ये अटलांटा येथील एका मोठ्या दुकानातील सत्याग्रहात मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली. बरोबरीचे सत्याग्रही सुटले. पण वाहन परवान्याच्या एका जुन्या किरकोळ प्रकरणाचा आधार घेऊन किंग यांना चार महिन्यांच्या सक्तमजुरीवर पाठविण्यात आले. त्या काळी जॉर्जियाच्या तुरुंगात कृष्णवर्णीय पुढाऱ्याच्या जिवाची शाश्वती कोणी देत नसे. केनेडी यांनी किंग यांच्या पत्नीला दूरध्वनी केला आणि सहानुभूतीचे चार शब्द सांगितले. त्यांचे बंधू रॉबर्ट यांनी न्यायाधीशांशी संपर्क साधला. किंग सुटले. केनेडींचे प्रतिस्पर्धी निक्सन हे तोवर किंग यांचे अधिक जुने परिचित होते. १९५७ साली घानाच्या स्वातंत्र्यसमारंभात दोघांची भेट झाली होती. तरीही ते गप्प राहिले. केनेडी हे कॅथलिक पंथाचे म्हणून निक्सन यांच्या बाजूने असलेल्या किंग यांच्या वडिलांनी आपला पाठिंबा जाहीरपणे फिरविला. मतदानापूर्वीच्या रविवारी कृष्णवर्णीयांच्या चर्चच्या दारांत या प्रसंगाची पत्रके लाखोंच्या संख्येने वाटली गेली. सुमारे ६ कोटी ८८ लाख मतांत केनेडी सव्वा लाखाहूनही कमी मतांनी विजयी झाले. इलिनॉयमध्ये तर फरक नऊ हजारांच्या आत होता.

वर्गात हा प्रसंग सांगितला, की एखादा विद्यार्थी हटकून विचारतो, “सर, केनेडींची सहानुभूती खरी होती का?” प्रश्न स्वाभाविक आहे, पण अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो मूळ मुद्द्याला सोडून आहे. अंतःकरणाचा थांग लावण्याचे साधन आपल्यापाशी नाही. विचारावयास हवे ते असे, की दूरध्वनी दोन मिनिटांत झाला आणि सहीला बावीस महिने लागले, ते का? दूरध्वनीला खर्च नव्हता. त्याची बातमी कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांतून आणि चर्चमधून फिरली, गोऱ्या दक्षिणेच्या कानी ती फारशी पडलीच नाही. सहीला मात्र खर्च होता आणि त्याची वसुली मतपेटीतून झाली असती. त्यातही १९६० साली कृष्णवर्णीयांची मते कोणा एकाच्या खिशात नव्हती. लिंकनच्या पक्षाविषयीची जुनी निष्ठा पुरती आटलेली नव्हती. निक्सन यांना त्या वर्षीही या मतांपैकी सुमारे एक-तृतीयांश मते मिळाली. ज्या मतांसाठी दोन गिऱ्हाइके बाजारात उभी आहेत त्या मतांना भाव येतो, हा साधा नियम दूरध्वनीच्या तारेवरूनही लागू पडला.

चळवळीच्या मागणीपुढे उभा राहिलेला उमेदवार मनातल्या मनात दोन रकमा मांडीत असतो. गप्प राहिलो तर किती जाईल आणि बोललो किंवा केले तर किती जाईल? चळवळ उमेदवाराचे हृदयपरिवर्तन करते हा समज भाबडा आहे. ती यांपैकी पहिली रक्कम वाढविते. बर्मिंगहॅम येथे १९६३च्या मे महिन्यात शाळकरी मुलांवर पाण्याचे बंब आणि पोलिसी कुत्रे सोडले गेले. त्याची छायाचित्रे जगभर गेली आणि जूनमध्ये केनेडी यांनी व्यापक नागरी हक्क विधेयकाची घोषणा केली. दोन वर्षे ज्या कायद्याची वेळ आली नव्हती, त्याची वेळ काही आठवड्यांत आली. मौनाची किंमत एकाएकी भडकली होती.

केनेडींच्या मागून आलेल्या लिंडन जॉन्सन यांचे उदाहरण याहून अधिक बोधप्रद आहे, कारण तेथे एकाच माणसाची दोन रूपे सात आठवड्यांच्या अंतराने दिसतात. २ जुलै १९६४ रोजी त्यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली. पुढच्याच महिन्यात अटलांटिक सिटी येथे डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले. मिसिसिपीतून तेथे दोन प्रतिनिधिमंडळे आली होती. एक अधिकृत आणि सर्वस्वी गोऱ्यांचे, दुसरे ‘मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी’चे. त्या राज्यात पाचांतील दोन माणसे कृष्णवर्णीय होती, परंतु मतदारयादीत नाव असलेल्या प्रौढ कृष्णवर्णीयांचे प्रमाण शेकडा सातही भरत नव्हते. फॅनी लू हेमर या शेतमजूर बाईंनी प्रतिनिधींच्या अधिकारपत्रांची छाननी करणाऱ्या समितीपुढे साक्ष दिली. मतदार म्हणून नाव नोंदविण्यास गेल्याबद्दल मळ्यावरील घरातून कसे हाकलले आणि पुढे कोठडीत कसे मारले, हे त्यांनी सांगितले. साक्ष दूरचित्रवाणीवर चालू असतानाच जॉन्सन यांनी घाईघाईने पत्रकार-परिषद बोलावली, हेतू हा की कॅमेरे तिकडे वळावेत. ते वळलेही. (त्याच रात्री बातम्यांत ती साक्ष दाखविली गेली आणि अधिकच लोकांनी ती पाहिली, हा भाग वेगळा.) शेवटी दोन जागांची तडजोड पुढे करण्यात आली. त्या दोघांची नावेही देणाऱ्यांनीच ठरविलेली होती. हेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती नाकारली. सात आठवड्यांपूर्वी ऐतिहासिक कायद्यावर सही करणारा हात येथे एवढा आखडला, कारण हेमर यांच्यापाशी साक्ष होती, मत नव्हते. दक्षिणेतील गोऱ्यांपाशी मत होते.

नोव्हेंबरात जॉन्सन यांना शेकडा ६१ मते मिळाली. मार्च १९६५ मध्ये सेल्मा येथील पुलावर मोर्चेकऱ्यांची डोकी फुटली, तेव्हा याच जॉन्सन यांनी दोन्ही सभागृहांपुढे उभे राहून चळवळीच्या गाण्याचे शब्द आपल्या भाषणात घेतले आणि ६ ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर सही केली. उमेदवार जॉन्सन आणि निवडून आलेले जॉन्सन यांच्या स्वभावात फरक पडला होता काय? फरक शिल्लकेत पडला होता. एवढे प्रचंड बहुमत गाठीशी असले म्हणजे त्यातले थोडे खर्चणे परवडते. तरीही त्यांच्या पदरी न्याय घातला पाहिजे. हा खर्च आपल्या पक्षाला दक्षिणेत दीर्घकाळ भोवेल, हे त्या कसलेल्या राजकारण्याला समजत नव्हते असे मानता येत नाही. गोल्डवॉटर यांनी नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिले होते आणि सर्वत्र दाणादाण उडूनही स्वतःच्या ॲरिझोनाखेरीज दक्षिणेतील पाच राज्ये जिंकली होती. मिसिसिपीत तर शेकडा ८७ मते घेऊन! आकडे जॉन्सन यांच्या पुढ्यात होते. माझ्या उपपत्तीत सगळेच मावत नाही, याची मला कल्पना आहे.

या कायद्याने काय केले ते पाहावयाचे असेल तर जॉर्ज वॉलेस यांच्याकडे पाहावे. १९५८ साली अलाबामाच्या गव्हर्नरपदाच्या लढतीत वॉलेस त्यातल्या त्यात मवाळ उमेदवार होते आणि कृष्णवर्णीयांच्या ‘एनएएसीपी’ या संघटनेचा त्यांना पाठिंबा होता. कू क्लक्स क्लॅनचा पाठिंबा असलेल्या प्रतिस्पर्ध्याने त्यांना हरविले. वॉलेस यांनी त्यापासून एकच धडा घेतला. १९६३च्या जानेवारीत शपथविधीच्या भाषणात त्यांनी वर्णविभाजन चिरकाल टिकेल अशी गर्जना केली आणि विद्यापीठाच्या दारात उभे राहून कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडविण्याचे नाटकही त्याच वर्षी वठविले. आणि १९८२ साली? हेच वॉलेस, आता चाकांच्या खुर्चीवर, जुन्या वर्तनाबद्दल कृष्णवर्णीयांची क्षमा मागत होते आणि त्यांची भरघोस मते घेऊन चौथ्यांदा गव्हर्नर झाले. पश्चात्ताप खरा असेल. मधल्या दहा वर्षांत बंदुकीच्या गोळीने आलेले पंगुत्व माणसाला बदलू शकते. पण या काळात अलाबामाच्या मतदारयाद्याही बदलल्या होत्या. मिसिसिपीत तर शेकडा सातच्या आत असलेली नोंदणी १९६७ पर्यंत साठच्या आसपास पोहोचली होती. पश्चात्ताप होण्यास अनुकूल अशी ही परिस्थिती होती, एवढेच मी म्हणेन.

१९६८च्या निवडणुकीत हे गणित उलट्या बाजूने मांडले गेले. एप्रिलमध्ये किंग यांचा खून झाला, शंभराहून अधिक शहरांत दंगली उसळल्या. निक्सन यांनी ‘कायदा आणि सुव्यवस्था’ हे शब्द उचलले आणि आरडाओरडा न करणाऱ्या, निदर्शने न करणाऱ्या विस्मृत अमेरिकनांचा कैवार घेतला. वंशाचा उच्चार करावा लागला नाही. ज्याला ऐकू जायचे त्याला ते बरोबर ऐकू गेले. त्यांच्या उजवीकडे वॉलेस उभे होते आणि त्यांनी शेकडा साडेतेरा मते घेतली. डेमोक्रॅटिक उमेदवार हम्फ्री हे १९४८ पासून नागरी हक्कांचे पुरस्कर्ते, पण ते शेकडा एकाहूनही कमी मतांच्या फरकाने पडले. हिंसेने चळवळीचे नुकसान केले, असा निष्कर्ष यातून लगेच काढला जातो. त्यात तथ्य आहे. ओमर वासो या राज्यशास्त्रज्ञाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शांततामय निदर्शनांच्या परिसरात गोऱ्यांची मते डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकली आणि हिंसक निदर्शनांच्या परिसरात ती दुरावली, असे दाखविले आहे. तथापि हा हिशेब केवळ चळवळीच्या नावे टाकणे सोयीचे असले तरी पुरते प्रामाणिक नाही. दंगलींची कारणे शोधण्यासाठी खुद्द जॉन्सन यांनी नेमलेल्या कर्नर आयोगाने त्याच वर्षी बेकारी, घरटंचाई आणि पोलिसी वर्तन यांच्याकडे बोट दाखविले होते. अहवाल हाती आला आणि जॉन्सन यांनीच त्याच्याकडे पाठ फिरविली.

आता गंमत अशी, की ज्या निक्सन यांनी प्रचारात गोऱ्यांच्या भीतीला हात घातला, त्यांच्याच कारकिर्दीत १९६९ साली ‘फिलाडेल्फिया योजना’ आली. सरकारी कंत्राटे घेणाऱ्या बांधकाम-कंपन्यांनी कृष्णवर्णीय कामगारांच्या भरतीची उद्दिष्टे ठरवून द्यावीत, असे बंधन तिने घातले. रोजगाराच्या दृष्टीने ही योजना कितीतरी सहानुभूतिपूर्ण भाषणांहून भारी होती. हेतू? बांधकाम-कामगारांच्या संघटना आणि कृष्णवर्णीय हे दोघेही डेमोक्रॅटिक पक्षाचे आधार, आणि योजनेमुळे ते एकमेकांसमोर उभे ठाकत होते. शब्द विरोधी आणि कृती अनुकूल असे हे विरळा उदाहरण. उमेदवाराच्या भाषणावरून त्याच्या अर्थसंकल्पाचे अनुमान बांधू नये, हे मी यावरूनच शिकलो. ही योजना जॉन्सन यांच्या १९६५च्या एका अध्यक्षीय आदेशावर आधारलेली होती. तो आदेश साठ वर्षांच्या आतबाहेर टिकला आणि डोनाल्ड ट्रम्प यांनी २१ जानेवारी २०२५ रोजी एका सहीनिशी रद्द केला. कायदा मोडावयाचा तर सभागृहात मते लागतात. आदेशाला दुसरा आदेश पुरतो. तात्पर्य, अध्यक्षाची लेखणी उघडी पडली तरी तिच्याकडून किती घ्यावे यालाही मर्यादा आहे.

गोल्डवॉटर यांच्या उमेदवारीनंतर कृष्णवर्णीयांची मते जवळजवळ एकगठ्ठा डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेली आणि पुढील अर्धशतक तेथेच राहिली. दुसरीकडे जाण्यासारखी जागाच उरली नव्हती, तेव्हा यात त्यांचा दोष नाही. पण हुकमी मताला भाव नसतो. एका पक्षाला ते मिळणारच असते, दुसऱ्याला मिळणारच नसते. मग पहिला पक्ष शब्द, समारंभ आणि प्रतीके देतो, दुसरा तेवढेही देत नाही. १९९२ साली बिल क्लिंटन यांनी जेसी जॅक्सन यांच्याच संघटनेच्या व्यासपीठावरून एका कृष्णवर्णीय गायिकेच्या उद्गारांचा निषेध केला. ते बोलत सभागृहातील श्रोत्यांसमोर होते आणि बोलत होते बाहेरच्या गोऱ्या मतदारांशी. दोन वर्षांनी त्यांनी सही केलेल्या गुन्हेविषयक कायद्याचा जाब २०१५ साली ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’च्या तरुणांनी त्यांच्या पत्नी हिलरी यांना विचारला. तेव्हा हिलरीबाईंचे उत्तर असे होते, की मी अंतःकरणे बदलू शकत नाही, कायदे आणि साधनसंपत्तीची वाटणी बदलता येते. त्या तरुणांना ते उत्तर कोरडे वाटले. मला मात्र उमेदवाराच्या तोंडून आलेले ते दुर्मीळ सत्य वाटते. त्यांनी पुढची मागणी तेथेच करावयास हवी होती: कोणता कायदा, किती रक्कम?

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला. ट्रम्प यांनी १ जूनला आपण कायदा-सुव्यवस्थेचे अध्यक्ष असल्याचे जाहीर केले. शब्द निक्सन यांचेच. ८ जूनला डेमोक्रॅटिक नेते आफ्रिकी विणीची उपरणी गळ्यात घालून संसदेच्या इमारतीत पावणेनऊ मिनिटांवर गुडघे टेकून बसले. बायडेन यांनी फ्लॉइड कुटुंबीयांचे सांत्वन केले आणि पोलिसांचा निधी कापण्याच्या घोषणेपासून अंगही काढून घेतले. पोलीस-सुधारणा विधेयक प्रतिनिधिगृहात दोनदा संमत झाले आणि सिनेटपाशी अडले ते अडलेच. गुलामीच्या अंताचे स्मरण करणारा १९ जून हा दिवस राष्ट्रीय सुटी म्हणून २०२१ साली दोन्ही पक्षांनी जवळजवळ एकमुखाने मान्य केला. सिनेटमध्ये तर एकाही सदस्याने हरकत घेतली नाही. सात महिन्यांनी त्याच सिनेटमध्ये मतदान-हक्कांचे विधेयक कोसळले. मतदान-हक्काने कोणाची तरी जागा जाते. सुटीने कोणाचेच काही जात नाही.

त्याच वर्षाची दुसरी घटना मात्र वेगळी आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये बायडेन आयोवा आणि न्यू हॅम्पशायर येथे सपाटून मार खाऊन दक्षिण कॅरोलिनात आले होते. तेथील प्रायमरीत कृष्णवर्णीयांचे मत निर्णायक होते आणि पक्षांतर्गत लढत असल्यामुळे ते हुकमी नव्हते, अनेक उमेदवार त्यासाठी उभे होते. ज्येष्ठ सदस्य जेम्स क्लायबर्न यांच्या आग्रहावरून बायडेन यांनी २५ तारखेच्या वादसभेत सर्वोच्च न्यायालयावर कृष्णवर्णीय स्त्री नेमण्याचे वचन दिले. दुसऱ्या दिवशी क्लायबर्न यांनी पाठिंबा दिला आणि २९ला बायडेन जिंकले. एप्रिल २०२२ मध्ये केटांजी ब्राउन जॅक्सन यांच्या नेमणुकीवर सिनेटने शिक्कामोर्तब केले. मागणी नेमकी होती, मतदानापूर्वी केली होती आणि पुरी झाली की नाही हे शाळकरी पोरालाही पडताळता येण्याजोगे होते.

महाराष्ट्रातील वाचकाला हे सारे परके वाटू नये. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामी नष्ट करणाऱ्यांना अर्पण केले. डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली. १९७२ साली मुंबईत जन्मलेल्या दलित पँथरने तर नावच तिकडून घेतले. १९७४च्या जानेवारीत मुंबईतील लोकसभेच्या पोटनिवडणुकीवर पँथरने बहिष्कार पुकारला, वरळीला दंगल झाली, आणि काँग्रेसचे रामराव आदिक कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे यांच्याकडून पराभूत झाले. त्या पराभवाला महागाईचाही हातभार होता, हे विसरून चालणार नाही. परंतु गठ्ठा मते गृहीत धरणाऱ्यांना गठ्ठा सुटू शकतो हे तेथे दिसले. बहिष्काराची उणीव अशी, की तो नकार सांगतो, मागणी सांगत नाही. आणि ठराव व अंमल यांतील अंतर म्हणाल, तर मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला आणि बाबासाहेबांचे नाव विद्यापीठाला लागले १४ जानेवारी १९९४ रोजी. केनेडींचे बावीस महिने त्यापुढे काहीच नव्हेत.

अटलांटिक सिटीच्या तडजोडीत दोन जागांखेरीज आणखी एक कलम होते आणि त्याकडे त्या वेळी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. यापुढे वर्णावरून मतदारांना वगळणाऱ्या राज्याचे प्रतिनिधिमंडळ अधिवेशनात घेतले जाणार नाही, असे त्यात म्हटले होते. देणाऱ्याला ते फुकटात सुटल्यासारखे वाटले असावे, कारण ताबडतोब काहीच द्यावे लागत नव्हते. १९६८ साली शिकागोच्या अधिवेशनात मिसिसिपीचे गोरे मंडळ बाहेर राहिले आणि फॅनी लू हेमर आत बसल्या. वीस वर्षांनी जेसी जॅक्सन यांनीही हीच वाट धरली. १९८८च्या प्रायमरींत सुमारे ६९ लाख मते घेऊनही उमेदवारी हाती लागणार नाही हे स्पष्ट झाल्यावर त्यांनी पक्षाच्या नियमांविषयी घासाघीस केली. राज्य जिंकणाऱ्याला जादा प्रतिनिधी देणारे नियम जावेत आणि मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी मिळावेत, ही त्यांची मागणी होती. विजयी उमेदवार डुकाकिस यांना हे देण्यास जड गेले नाही. २००८ साली हिलरी क्लिंटन यांनी कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, ओहायो, पेनसिल्व्हेनिया अशी मोठमोठी राज्ये जिंकली. त्या प्रत्येक राज्यातून बराक ओबामा आपल्या मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी घेऊन बाहेर पडले आणि जून महिन्यात उमेदवारी त्यांच्याकडे गेली.